ठगूबाईनं एकदाच उडवलेलं नाणं

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खोटी निघाली तर माझी जीभ झडो. मी ती या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे गोष्ट पाहिली नाही, ती जिथं घडली तो बंधारा पाहिला आहे, आणि तोही एस्टीच्या खिडकीतून, आणि तेव्हा मला झोप लागली होती. पण सांगितली मामानं, आणि मामा कधी खोटं बोलत नसे. फक्त पोलिसांशी, मामीशी आणि लहान मुलांशी. मी तेव्हा पोलीस नव्हतो आणि मामीही नव्हतो, एवढं तर तुम्ही मान्य कराल.

तर फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, गावात घड्याळ नव्हतं आणि कुणाला त्याची उणीवही नव्हती, तेव्हा खानदेशात मोहबारी नावाचं गाव होतं. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाला चाळीस दारं. एकेका दारातून एकेकाच्या शेताला पाणी. हे पाणी पाळीनं मिळायचं. सकाळी तुझी पाळी, दुपारी माझी, रात्री त्याची. वरचा आधी, खालचा नंतर, पण चुकायची कुणाचीच नाही. आणि नुसतं पाणीच नाही. राखणीला पाळी, पाटातला गाळ काढायला पाळी, देवळात दिवा लावायला पाळी. तिथला धुडकू पाटील म्हणायचा, "भो, आपल्याकडं सूर्यसुद्धा चंद्राला विचारून उगवतो, झाली का तुझी पाळी?" लोक हसायचे, पण मनातून त्यांना ते पटलेलं असायचं. जगात जे काही आहे ते पाळीनं येतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

या पाटाची दारं उघडायचं आणि मिटायचं काम ठगूबाईकडं होतं. तिच्याआधी झालेली चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मरणाला फसवायला आईबापांनी तिचं नाव ठगी ठेवलं. फसलं मरण. ती जगली, आणि तिच्या पाठीवर झालेला भाऊ हिलाल, तोही जगला. बापामागं जमीन हिलालकडं गेली आणि पाटाची दारं ठगूबाईकडं आली. तिला स्वतःचं वावर वीतभरही नव्हतं. असं म्हणतात, की ती पाटात पाय घालून सांगायची, हे पाणी किती शेतं भिजवेल. आणि असंही म्हणतात, की सख्ख्या भावाचं पीक उन्हानं माना टाकत असलं तरी तिनं त्याचं दार कधी डोळ्याची पापणी लवण्याइतकंही आधी उघडलं नाही.

एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. नदीची धार मनगटाएवढी झाली. आणि एका भर दुपारी बंधाऱ्याच्या भिंतीवर एक पाहुणा बसलेला दिसला. कुठून आला, कुणी पाहिलं नाही. चेहरा चारचौघांसारखा, इतका की नजर वळवली की आठवायचा नाही. फक्त एक होतं. सगळं गाव कोरडं ठणठणीत असताना त्याच्या धोतराच्या काठातून पाणी ठिबकत होतं. थेंब, थेंब, थेंब. खालच्या डोहात.

"राम राम पाहुणं," धुडकू पाटील म्हणाला. "गाव कुठलं?"

"खालचं."

"काय काम काढलं?"

"पाणी आणलंय. हवंय का?"

त्याचं मागणं साधं होतं. नाणं तुमचं. उडवायचं तुम्ही. छापा की काटा, बोलायचं तुम्ही. बरोबर आलं तर माझ्याकडची पाण्याची एक पाळी तुमची. चुकलं तर तुमच्याकडची एक माझी.

गाव काही खुळं नव्हतं. पाटलानं स्वतःचं तांब्याचं नाणं आणलं, दाताखाली दाबून पाहिलं, देवळात नेऊन देवापुढं ठेवलं, परत आणलं. नाणं खरं होतं. पहिल्याच दिवशी वीस वेळा उडालं. अकरा वेळा छापा, नऊ वेळा काटा. जे जिंकले त्यांच्या दारापाशी कोरड्या पाटातून पाणी फुगून वर आलं. जे हरले त्यांच्या दारापाशी पाणी यायचं, वीतभर अंतरावर उभं राहायचं, गुरानं हुंगावं तसं जमिनीला हुंगायचं आणि वळून जायचं.

नाणं खोटं असतं तर फार बरं झालं असतं. खोटं नाणं कधी ना कधी हाती लागतं, आणि मग पाहुण्याला चोप देता येतो. हे नाणं खरं होतं, आणि म्हणून त्याला कुणी भ्यायलं नाही.

आता मोहबारीच्या लोकांनी काय करावं? त्यांनी नाण्यालाही पाटासारखं समजायला सुरुवात केली. चार वेळा छापा आला की भिंतीपाशी गर्दी व्हायची. सगळे एकमेकांना ढकलायचे. "काट्याची पाळी आली! काट्याची पाळी आली!" चौघांनी पाणी घेतल्यावर पाचव्याला मिळणार नाही असं कधी झालंय का? दुसऱ्या कुठल्या गावानं एवढ्या भरवशानं आपलं पाणी लावलं नसतं. या लोकांना पाळी माहीत होती, म्हणून ते बुडाले.

हरलेला माणूस उठायचा नाही. हरलेलं परत घ्यायला बसायचा. जिंकलेलाही उठायचा नाही. पाण्याच्या पाळ्या संपल्या की पाहुणा मऊ आवाजात म्हणायचा, "अजून एक पाळी आहे की तुझ्याकडं. जगायची." आणि माणूस तीही लावायचा, कारण आता आपलं येणारच, असं त्याला वाटत असायचं.

मग जे व्हायचं ते सांगताना मामासुद्धा आवाज खाली आणायचा. हरलेला माणूस उठायचा, फावडं खांद्यावर घ्यायचा आणि भिंतीच्या पायऱ्या उतरून डोहात जायचा. गुडघे, कंबर, छाती, डोकं. बुडायचा नाही. तळाशी जाऊन उभा राहायचा. दुपारी ऊन सरळ पडलं की स्वच्छ दिसायचं. एकामागं एक रांगेत उभी असलेली माणसं, खांद्यावर फावडी, डोळे उघडे, केस पाण्यात हलताहेत. आणि ओठही हलताहेत. काठावर बसलेल्या त्यांच्या बायकांनी ते ओठ वाचले. ते सगळे एकच म्हणत होते. "आता माझी. आता माझी."

असे सहा जण खाली उभे होते, तेव्हा हिलाल भिंतीवर जाऊन बसला.

आणि काय सांगू, हिलाल जिंकला. सलग अकरा वेळा. गाव नाचलं. "हिलालचा हात चालला!" त्याच्या वर्षाच्या अठ्ठावीस पाळ्या होत्या, त्यांच्या एकोणचाळीस झाल्या. ठगूबाई पाटाच्या कडेनं धावत आली.

"ऊठ."

"अक्का, हात चाललाय."

"नाण्याला तुझा हात ओळखता येतो का? ऊठ म्हणते ना."

तो हसला. पुढच्या वेळी काटा म्हणाला, छापा पडला. एक पाळी गेली. त्यानं दोन लावल्या, म्हणजे एकदा जिंकला की गेलेली परत येऊन वर एक मिळेल. छापा. चार लावल्या. छापा. आठ. छापा. सोळा. छापा. एकतीस पाळ्या गेल्या, आठ उरल्या.

ठगूबाईनं त्याच्या दंडाला धरलं आणि ओढत पाटाकडं नेलं. तिथं कडेनं खड्यांची एक लांबच लांब रांग लावलेली होती. पाहुणा आल्या दिवसापासून ती रोज लावत होती. छापा पडला की पांढरा खडा, काटा पडला की काळा. सहाशे ऐंशी खडे.

"मोजलेत मी," ती म्हणाली. "पांढरे तीनशे शेहेचाळीस, काळे तीनशे चौतीस."

"बघ!" हिलालला आनंद झाला. "जवळजवळ सारखेच. म्हणजे नाणं पाळी पाळतं!"

"सारखे नाहीत रे बाबा. पहिल्या दिवशी विसांत दोनाचा फरक होता. आज बाराचा आहे. फरक फिटला नाही, वाढला. रांग लांब झाली म्हणून तो तुला दिसत नाही. आता इकडं बघ. जिथं तीन पांढरे सलग आलेत तिथं मी काडी खोवलीय. चौऱ्याऐंशी काड्या आहेत. प्रत्येक काडीच्या पुढचा खडा बघ."

तो वाकून बघत चालला. काळा, पांढरा, पांढरा, काळा, पांढरा.

"त्रेचाळीस वेळा पुढंही पांढराच," ठगूबाई म्हणाली. "एक्केचाळीस वेळा काळा. हिलाल, त्याला काही आठवत नाही रे. मागं काय झालं ते नाण्याला कुणी सांगत नाही."

हिलालनं शेवटच्या खड्यापर्यंत बघितलं. मग म्हणाला, "मग लोक हरतात का? नाणं कुणाच्याच बाजूचं नाही तर तो पाहुणा का हरत नाही?"

"हरतो की. रोज हरतो. पण त्याच्याकडं नदी आहे आणि तुझ्याकडं घागर. तो शंभरदा हरला तरी बसून राहतो. तुझी घागर एकदा रिकामी झाली की झालं. नुसतं बसायचं, एवढंच त्याचं काम."

असं म्हणतात, हिलालला त्या क्षणी सगळं कळलं होतं. माणसाला कळतं, त्याचा उपयोग होत नाही. त्यानं भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाला, "पण अक्का, पाच वेळा छापा आलाय. सहाव्यांदा येतो का कधी?"

आणि तिच्या हातातून दंड सोडवून गेला. आता बत्तीस पाळ्या लावायला हव्या होत्या. आठच होत्या. बाकीच्या जागी त्यानं स्वतःला लावलं. काटा म्हणाला.

छापा पडला.

त्यानं फावडं उचललं. ठगूबाईनं हाका मारल्या, सदरा धरला, सदरा हातात राहिला. तो उतरत गेला आणि रांगेत सातवा जाऊन उभा राहिला.

तीन दिवस ठगूबाई डोहाच्या काठावर बसली. चौथ्या दिवशी सकाळी उठली आणि घरोघर गेली.

"मला माणसं हवीत," ती म्हणाली. "मी धरून सात."

"कशाला माय?"

"त्याच्या सात जणांसमोर उभं राहायला. हरलो तर सगळे खाली जाऊ, हे आत्ताच सांगते. जिंकूच असं मी म्हणत नाही. जिंकू शकतो, एवढंच म्हणते."

असं बोलल्यावर कोण येणार? शेजारच्या गल्लीत तर ती येताना दिसली की दारं लागायला लागली. तरी डोहातल्या दोघांच्या बायका आल्या. एकाची म्हातारी आई आली. आंधळा उखा कुंभार आला, म्हणाला, "मला तसंही खालचं दिसणार नाही." धुडकू पाटील आला, कारण पहिलं नाणं त्याचं होतं आणि त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. ठगूबाई धरून सहा झाले. सातवा मिळेना. ऊन माथ्यावर आलं. आणि शेवटच्या घटकेला गर्दीतून एक उंच, देखणा, भरदार मिशांचा माणूस छाती पुढं काढून आला आणि म्हणाला, "मांडा मलाही." तो माझा पणजोबा, झिपरू.

सात जण भिंतीवर उभे राहिले. ठगूबाई पाहुण्याला म्हणाली, "तुझे सात, आमचे सात. माणसं आणि त्यांच्या पाळ्या. नाणं एकदाच उडेल. हरले तर मी खाली उतरेन, जिंकले तर घरी जाईन. बसणार नाही."

पाहुणा हसला. "एवढी घाई कशाला माय? तीनदा उडवू. दोनदा जिंकेल त्याचं."

"एकदाच."

"मग एकेक माणूस लावू. सावकाश. दिवसभर बसू."

"सावकाशीवरच तुझं पोट आहे. एकदाच."

आणि तेव्हा त्याच्या धोतरातून ठिबकणारं पाणी थांबलं. पहिल्यांदाच. मांडलेला डाव त्याला नाकारता येत नव्हता.

"बोल," ठगूबाई म्हणाली.

"मी?"

"इतके दिवस आम्ही बोललो. आज तू."

असं म्हणतात, त्याची नजर हळूच पाटाच्या कडेच्या खड्यांकडं गेली. शेवटचे पांढरे किती, काळे किती. आणि ठगूबाईला कळलं, यालाही माहीत नाही. याला कधीच माहीत नव्हतं. याला फक्त बसणं माहीत होतं. म्हणजे आता या भिंतीवर कुणालाच काही माहीत नाही, आणि चौदा माणसं एका तांब्याच्या तुकड्याला टांगलेली आहेत.

"छापा," पाहुणा म्हणाला.

ठगूबाईनं नाणं उडवलं. ते इतकं वर गेलं की आधी त्याची सावली खाली आली आणि भिंतीवर थरथरत त्याची वाट पाहत राहिली. म्हातारीनं मुठी आवळल्या, त्यात नखं रुतून रक्त आलं. धुडकू पाटलाच्या मिशा तेवढ्या वेळात पांढऱ्या झाल्या. मग नाणं आलं, दगडावर आपटलं, कडेवर गरगर फिरलं, फिरत फिरत थेट डोहाच्या टोकापर्यंत गेलं, आणि आडवं झालं.

काटा.

डोहाचं पाणी मधोमध दुभंगलं. पहिला माणूस वर आला, फावडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "आली का माझी पाळी?" त्याची बायको त्याला मारत सुटली, रडत रडत मारत सुटली. मग दुसरा, तिसरा. सगळ्यात शेवटी सातवा, हिलाल, केसांतलं पाणी झटकत. "अक्का," तो म्हणाला, "सदरा कुठं गेला माझा?" पाहुणा उठला आणि निघून गेला. बसला होता तिथला दगड कोरडा होता.

मोहबारीत अजून रब्बीचं पहिलं पाणी सोडायच्या दिवशी नाणं उडवतात. पाळी वरच्या दारापासून सुरू करायची की खालच्या, एवढं ठरवायला. नाणं उभ्यानं उडवतात, बसून नाही. एकदाच. मनासारखं येवो न येवो. मग ते पाटात टाकतात, आणि गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस मोठ्यानं म्हणतो, "ठगूबाई, उठलो गं!" सगळं गाव त्याच्यामागून म्हणतं, "उठलो गं!" आणि खरोखरच सगळे घरी जातात.

ही गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास विचारतं, काटा येणारच होता ना? एवढी भली बाई, देव तिच्या पाठीशी असणारच. मी म्हणतो, नाही. छापाही आला असता, तेवढाच सहज. नदीनं खाली तीन कोस गेलात तर एका बंधाऱ्याचे दगड पडलेले आहेत. पाटाची खूण आहे, दारांच्या चौकटी आहेत. गाव नाही. तिथंही कुणी ठगूबाई उभी राहिली असेल. तिच्या बाबतीत 'असं म्हणतात' म्हणायला कुणी उरलं नाही.

आता यातलं मी काय घातलंय तेही सांगून टाकतो, नाहीतर जिभेचं काही खरं नाही. माझा पणजोबा झिपरू त्या दिवशी बंधाऱ्यावर नव्हता. तो उंचही नव्हता. तो घराला आतून कडी लावून माळ्यावर बसला होता, आणि ठगूबाईनं त्याच्या दारावर तीनदा थाप मारली होती. भिंतीवर सहाच जण उभे राहिले. म्हणून पाहुण्यानंही सहाच लावले. "सातांतले कुठलेही सहा मागून घे," तो तिला म्हणाला. मागता आलं असतं. ठगूबाई म्हणाली, "पाळीनं."

सहा वर आले. हिलाल सातवा होता.

आणि पाहुणा लगेच उठलाही नाही. तो म्हणाला, "एकच राहिला की. उडवू अजून एकदा?" ठगूबाईनं डोहात पाहिलं. हिलाल वर पाहत होता. असं म्हणतात, की ती खूप वेळ उभी राहिली, आणि तिचे गुडघे बसायला म्हणून वाकलेसुद्धा. मग ती वळली आणि घरी गेली. तेव्हा कुठं पाहुणा गेला. त्यानंतर चाळीस वर्षं तिनं पाटाची दारं उघडली आणि मिटली, आणि त्या भिंतीवर ती पुन्हा कधी चढली नाही.

म्हणून मोहबारीत चाळीस दारांची पाळी संपली की आणखी एक पाळी देतात, ठगूबाईच्या नावानं. ते पाणी कुणाच्या शेतात जात नाही, डोहात सोडतात. ते दार उघडायला दर वर्षी आमच्याच घरातला माणूस बोलावतात. आम्ही जातो, दार उघडतो, आणि खाली न बघता परत येतो.